ब्लडी मेरी घरी करताना टोमॅटोचा रस फुटू नये म्हणून काय करावे?

हिरवा देठ यांचा प्रश्न

नमस्कार. येत्या सुटीच्या दिवशी सकाळी उशिरा आठ माणसे आमच्याकडे ब्रंचला येणार आहेत आणि जेवण मांडले जाईपर्यंत त्यांच्या हाती ब्लडी मेरीचा पेला द्यावा असा माझा विचार आहे. गोड कॉकटेल त्या वेळी पुष्कळांना नको वाटते. हे पेय मात्र आंबट, खारट, तिखट आणि भरदार असल्यामुळे खाण्याबरोबर चांगले जुळते. व्होडका, टोमॅटोचा रस, लिंबू, वूस्टरशर सॉस, टबॅस्को (मिरचीचा तिखट सॉस), सेलरी सॉल्ट आणि मिरपूड एवढी सामग्री लागते हे मला ठाऊक आहे. त्यामुळे मला नुसती कृती नको आहे, माझी अडचण त्या कृतीच्या आतली आहे.

पिकलेले टोमॅटो मिक्सरमधून काढून गाळले की रस सुरुवातीला दाट दिसतो, पण तासाभरात लाल चोथा एकीकडे आणि पिवळसर पाणी दुसरीकडे होते. ढवळले की तेवढ्यापुरता एकजीव होतो, पेल्यात ओतून ठेवला की पुन्हा फुटतो. शिवाय त्याचा रंग लाल न राहता फिकट गुलाबी दिसतो. डबाबंद रस आणला तर ही अडचण येत नाही, पण त्याला शिजल्याचा वास असतो आणि त्यात आधीच मीठ असल्यामुळे सॉस घातल्यावर पेय फार खारट होते.

आठांपैकी तिघे मद्य घेत नाहीत आणि दोघे मासे खात नाहीत. वूस्टरशर सॉसमध्ये अँकोव्ही मासे असतात असे बाटलीवर वाचले. तेव्हा रस घरी कसा काढावा, मसाल्याचे प्रमाण कसे बसवावे, आदल्या दिवशी किती तयारी करून ठेवता येईल आणि मद्य न घेणाऱ्यांना तितकेच चवदार पेय कसे देता येईल, याबद्दल अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे ही विनंती.

मंद आच यांचा प्रतिसाद

आपण अडचण नेमकी सांगितली आहे, त्यामुळे उत्तरही नेमके देता येईल. माझ्या मते या पेयाचे सारे यश रसावर अवलंबून आहे. व्होडकाला स्वतःची चव जवळजवळ नसते आणि मसाले कितीही तोलून घातले तरी पाणचट रसाला ते उचलून धरू शकत नाहीत. म्हणून मी फक्त रसाबद्दल लिहितो.

टोमॅटोच्या रसाला दाटपणा येतो तो पेक्टिन या फळातल्या चिकट पदार्थामुळे. टोमॅटो अखंड असतो तोवर पेक्टिन आणि ते तोडणारी विकरे (एन्झाइम) फळात एकमेकांपासून वेगळी असतात. सुरी चालली किंवा मिक्सरचे पाते फिरले की दोन्ही एकत्र येतात आणि विकरे लगेच कामाला लागतात. पेक्टिनचे धागे तुटले की चोथ्याला धरून ठेवणारे काही उरत नाही आणि पाणी सुटते. मिक्सरमध्ये फिरवून रस बाजूला ठेवणे म्हणजे या विकरांना हवा तेवढा वेळ देणे होय. रंग फिका पडतो त्याचे कारण मात्र वेगळे आहे. पात्याच्या वेगाने हवेचे अतिसूक्ष्म बुडबुडे रसात मिसळतात आणि त्यामुळे लाल रंग गुलाबी दिसतो.

उपाय असा की टोमॅटो चिरल्याबरोबर ते उकळत्या पातेल्यात गेले पाहिजेत. उष्णतेने ही विकरे निकामी होतात, पण त्यासाठी रस साधारण ८५ अंश सेल्सियसच्या वर लवकर पोहोचावा लागतो. कोमट आचेवर हळूहळू तापवला तर तापेपर्यंत विकरे आपले काम उरकून घेतात. म्हणून सगळे टोमॅटो एकदम चिरून ठेवू नका. सुरुवातीला अर्धा किलोच्या आसपास टोमॅटोंच्या चार-चार फोडी करून त्या थेट जाड बुडाच्या पातेल्यात टाका, मोठ्या आचेवर ठेवा आणि लाकडी डावाने लगेच चेचायला लागा. त्यांना उकळी फुटली की पुढचे टोमॅटो चिरत जा आणि मूठमूठ फोडी त्यात सोडत जा. उकळी मोडणार नाही इतक्याच बेताने फोडी घालायच्या, हे या कृतीतले खरे कौशल्य आहे. शेवटच्या फोडी पडल्यावर पाच मिनिटे मंद उकळू द्या आणि गरम असतानाच पुरणयंत्रातून किंवा जाड जाळीच्या गाळणीतून दाबून काढा. साल आणि बिया गाळणीत राहतील, पण गर खाली उतरेल. असा रस नंतर फ्रिजमध्ये ठेवला तरी सहसा फुटत नाही. थोडा खाली बसलाच तर एकदा हलवल्यावर पुन्हा एकजीव होतो.

प्रमाण म्हणाल तर एक लिटर रसाला साधारण दीड किलो टोमॅटो लागतात. आठ माणसे आणि प्रत्येकी दोन पेले धरले, एका पेल्याला १२० मिलिलिटर रस धरला, तर दोन लिटरच्या जरा खाली हिशेब येतो. तीन किलो टोमॅटो घ्या. पूर्ण पिकलेले पण घट्ट निवडा आणि शिजवेपर्यंत फ्रिजबाहेरच ठेवा, कारण १२ अंशांच्या खाली फार काळ राहिलेल्या टोमॅटोचा सुगंध कमी होतो. बियांभोवतीचा बुळबुळीत गर काढून टाकण्याची चूक मात्र कोणी करू नये. टोमॅटोची चव भरीव लागते ती ग्लुटामेटमुळे, आणि हे ग्लुटामेट बाहेरच्या मांसल भागापेक्षा त्या बुळबुळीत गरातच जास्त असते.

आता शिजल्याच्या वासाबद्दल. उकळलेल्या रसाला तो थोडा येणारच, कारण ताज्या टोमॅटोचा हिरवट, देठासारखा वास हा देखील फळ चेचल्यावर विकरांमुळेच तयार होतो आणि उकळताना तो उडून जातो. मी म्हणून दोन्हींचा मेळ घालतो. तीन भाग उकळलेला रस आधी करून गार करून ठेवायचा आणि एक भाग कच्चा रस पाहुणे आल्यावर काढायचा. कच्च्या रसासाठी मिक्सर नको. टोमॅटो आडवा कापून किसणीवर किसला की साल हातात राहते आणि फेस न होता गर खाली पडतो. तो गाळून लगेच जगमध्ये मिसळावा. आदल्या रात्री मिसळू नये, कारण कच्च्या रसातली जिवंत विकरे शिजवलेल्या रसाचाही दाटपणा खाऊन टाकू शकतात.

डबाबंद रसच वापरायचा असेल तर बिनमिठाचा घ्या आणि त्यालाही हीच कच्च्या रसाची जोड द्या. वास बराच सुधारतो.

निवळी यांचा प्रतिसाद

मंद आच यांनी रसाबद्दल जे लिहिले आहे त्याला माझे पूर्ण अनुमोदन आहे. मी मसाल्याकडे वळते.

ब्लडी मेरी मद्य म्हणून जुळवायला गेले की हमखास गडबड होते. ती थंड सूप समजून जुळवावी, म्हणजे आधी मीठ, मग आंबट, मग तिखट आणि शेवटी वास असा क्रम आपोआप लागतो. मिठाशिवाय बाकी कशाचाच अंदाज येत नाही, म्हणून ते पहिले. बिनमिठाच्या एक लिटर रसाला एकूण आठ ग्रॅम मिठापासून सुरुवात करा. त्यातले पाच ग्रॅम साधे मीठ आणि उरलेले सेलरी सॉल्टमधून येऊ द्या. सेलरी सॉल्ट घरीच करणे उत्तम: एक भाग सेलरीचे बी कोरडेच किंचित गरम करून दोन भाग मिठाबरोबर खलबत्त्यात कुटावे. बी फार भाजले तर कडवट होते, म्हणून नुसता वास सुटेपर्यंतच तव्यावर ठेवावे. विकतच्या रसात मीठ असेल तर वेष्टनावर सोडियमचा आकडा पाहा आणि त्याला अडीचने गुणा, म्हणजे मिठाचे वजन मिळते. समजा १०० मिलिलिटरला २८० मिलिग्रॅम सोडियम लिहिले असेल, तर लिटरमागे सात ग्रॅम मीठ आधीच आहे आणि आपल्याला वरून फारसे घालायचेच नाही. आपले पेय खारट होते त्याचा उलगडा बहुधा इथेच होईल.

मिठानंतर ७५ मिलिलिटर ताजा लिंबाचा रस, ३० मिलिलिटर वूस्टरशर सॉस, चहाचा एक चमचा टबॅस्को आणि तेवढीच ताजी भरडलेली मिरी, हे लिटरचे सुरुवातीचे माप समजावे. हॉर्सरॅडिश (मुळ्यासारखे एक झणझणीत मूळ) घालत असाल तर किसलेले दोन मोठे चमचे पुरतात. चव रस थंड असतानाच घ्यावी, आणि तीही व्होडका आणि बर्फाचे पाणी मिसळून एका छोट्या पेल्यात घ्यावी. जगमधला नुसता रस चाखून जो योग्य वाटतो तो पेल्यात गेल्यावर नेहमी फिका लागतो. उलट जगमध्ये किंचित जास्त वाटणारा रस पेल्यात बरोबर बसतो.

माशांचा प्रश्न महत्त्वाचा आहे. वूस्टरशर सॉस ही बाजारात १८३७ सालापासून मिळणारी वस्तू आहे आणि तिच्या मूळ धाटणीत व्हिनेगर, काकवीसारखा गुळमट पाक, चिंच, कांदा, लसूण आणि मुरवलेले अँकोव्ही असतात. अँकोव्ही तिथे उगाच नाहीत. टोमॅटोत ग्लुटामेट आहे आणि माशात इनोसिनेट आहे. ही दोन्ही एकत्र आली की भरीव चव नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी अधिक जाणवते. म्हणून सॉस वगळून टाकला तर पेय पोकळ लागते. मासे नसलेला वूस्टरशर सॉस मिळतो, पण घरी करायचा तर दोन चमचे सोया सॉस, एक चमचा चिंचेचा दाट कोळ, एक चमचा व्हिनेगर आणि अर्धा चमचा काकवी एकत्र करा. इनोसिनेटची जागा भरून काढण्यासाठी वाळलेल्या शिताके अळंब्या भिजवून त्याच पाण्यात मंद गरम कराव्यात आणि ते पाणी गाळून, थोडे आटवून, दोन-तीन चमचे घालावे. शिताकेमध्ये ग्वानिलेट तयार होते आणि तेही ग्लुटामेटला तसाच हात देते. सोया सॉस खारट असतो, तेव्हा तेवढे मीठ आधी कमी धरावे. माझे मत विचाराल तर आठही जणांसाठी हाच सॉस वापरा. दोन वेगळे जग सांभाळताना धांदल उडते.

हिरवा देठ यांचा प्रतिसाद

मंद आच आणि निवळी, दोघांचेही मनापासून आभार. उकळी मोडू न देण्याची गोष्ट मला कोणत्याच कृतीत वाचायला मिळाली नव्हती. आणखी दोन गोष्टी विचारते. हॉर्सरॅडिश ताजे मिळेलच अशी खात्री नाही. ते नसेल तर चालेल का? आणि हे सगळे आदल्या रात्री मिसळून ठेवले तर मसाला मुरून चव वाढेल की बिघडेल?

निवळी यांचा प्रतिसाद

हॉर्सरॅडिशचा तिखटपणा मिरचीपेक्षा निराळा असतो. मिरची जिभेवर आणि घशात जळते आणि बराच वेळ राहते. हॉर्सरॅडिश एकदम नाकात चढते आणि तितक्याच लवकर ओसरते. पुढच्या घोटासाठी तोंड पुन्हा मोकळे होते, म्हणून या पेयात त्याला मोल आहे. हा झणका ज्या संयुगाचा असतो ते काळ्या आणि तपकिरी मोहरीतही असते. तेव्हा हॉर्सरॅडिश मिळाले नाही तर मोहरी थंड पाण्यात फेसून घ्या आणि दहा मिनिटे तशीच ठेवा, म्हणजे तिला झणका चढतो. गरम पाणी वापरू नये आणि लिंबू किंवा व्हिनेगर आधी घालू नये, कारण झणका तयार करणारे विकर उष्णतेने आणि आम्लाने थांबते. ताजे हॉर्सरॅडिश किसतानाही हेच लक्षात ठेवायचे: किसल्यावर दोन-तीन मिनिटे थांबून मग व्हिनेगर घातले तर ते जहाल राहते, लगेच घातले तर सौम्य होते. फेसलेली मोहरी लिटरला एक छोटा चमचाच घाला आणि चाखून वाढवा. जास्त झाली तर कडवटपणा येतो.

काचपात्र यांचा प्रतिसाद

आदल्या रात्रीच्या तयारीबद्दल आणि प्रत्यक्ष मिसळण्याबद्दल मी लिहितो. २०११ साली अमेरिकन केमिकल सोसायटीच्या अधिवेशनात नील दा कोस्टा या रसायनतज्ज्ञांनी ब्लडी मेरीच्या चवीचे विश्लेषण मांडले होते. त्यांचा सल्ला असा होता की हे पेय ताजेच करावे, कारण त्यातले घटक आम्लात पटापट बदलतात; रस चांगला घ्यावा, बर्फ भरपूर वापरावा आणि व्होडका मात्र साधीच घ्यावी, कारण मसाल्यांपुढे उंची व्होडकाचे बारकावे जाणवत नाहीत. हा सल्ला मला पटतो, पण त्याचा अर्थ सगळीच कामे ऐन वेळी करावीत असा मी घेत नाही. मीठ, मिरी, सॉस आणि सेलरीचा वास उकळलेल्या रसात रात्रभर मुरला तर चांगलाच लागतो. लिंबाचा रस, हॉर्सरॅडिश किंवा मोहरी आणि मंद आच यांचा कच्चा रस या तीन गोष्टी मात्र सकाळीच घालाव्यात, कारण त्यांचा वास टिकत नाही. मिरी रात्रभरात तिखटपणा सोडते, तेव्हा ती आधी निम्मीच घालून ठेवावी.

आता बर्फ. हे पेय पाणचट होण्याचे दुसरे मोठे कारण म्हणजे कोमट रसावर बर्फ घालणे. कोमट रस थंड करताना बर्फ वितळतो आणि जे काम फ्रिजने फुकट केले असते त्याची किंमत चवीने मोजावी लागते. रसाचा जग आदल्या रात्रीच फ्रिजमध्ये आणि व्होडकाची बाटली फ्रीझरमध्ये असू द्या. ४० टक्के अल्कोहोल असलेली व्होडका घरच्या फ्रीझरमध्ये गोठत नाही, नुसती दाटसर होते. पेल्यात मोठे, घट्ट खडे घाला. बारीक चुरा नको. जगमध्ये बर्फ मुळीच टाकू नये, कारण शेवटच्या पेल्यापर्यंत त्याचे पाणी होते.

इंटरनॅशनल बारटेंडर्स असोसिएशनच्या कृतीत ४५ मिलिलिटर व्होडकाला ९० मिलिलिटर टोमॅटोचा रस आणि १५ मिलिलिटर लिंबाचा रस असे माप आहे आणि हे सारे बर्फावर हलक्या हाताने ढवळायला सांगितले आहे. घरी मी रस १२० मिलिलिटर घेतो, कारण सकाळच्या खाण्याबरोबर पेय थोडे सौम्य बरे. मिसळण्यासाठी शेकर (झाकण लावून हलवायचे भांडे) हलवू नये. बर्फासह मिश्रण एका मोठ्या पेल्यातून दुसऱ्यात चार-पाच वेळा सावकाश ओतावे. दाटपणा टिकतो, फेस येत नाही आणि व्होडका खाली वेगळी राहत नाही. ओतताना पेल्याच्या कडेवरून रस जाड पडद्यासारखा, काचेला धरून उतरला तर दाटपणा बरोबर आहे असे समजावे. पाण्यासारखी सरळ धार पडली तर रस पातळ आहे आणि मग वरून काहीही घालून उपयोग नाही.

खडीसाखर यांचा प्रतिसाद

शेकर वापरू नये याबद्दल माझा नम्र मतभेद आहे. ज्या फर्नांड पेटिओ यांच्या नावाशी हे पेय जोडले जाते, ते स्वतः ते शेकरमध्येच करत. १९२०च्या दशकात ते पॅरिसमध्ये पुढे हॅरीज न्यूयॉर्क बार म्हणून प्रसिद्ध झालेल्या मद्यालयात होते आणि १९३४ पासून न्यूयॉर्कच्या सेंट रेजिस हॉटेलातल्या किंग कोल बारमध्ये काम करत होते. १९६४ साली द न्यूयॉर्कर साप्ताहिकाला त्यांनी आपली पद्धत सांगितली आहे: शेकरच्या तळाशी मीठ, मिरपूड, लाल तिखट आणि वूस्टरशर सॉस, मग लिंबाचा रस, फोडलेला बर्फ, दोन औंस व्होडका आणि तेवढाच दाट टोमॅटोचा रस, हे सारे हलवून गाळून ओतायचे. नुसती व्होडका आणि टोमॅटोचा रस हे मिश्रण जॉर्ज जेसेल या विनोदी नटाने आधीच केले होते, मसाल्याची जोड आपली, असेही त्यांनी तिथे प्रांजळपणे म्हटले आहे. ज्यांनी या पेयाला आजचे रूप दिले त्यांचीच पद्धत चुकीची ठरवणे मला रुचत नाही.

काचपात्र यांचा प्रतिसाद

आपला मुद्दा योग्य आहे आणि पेटिओ यांची पद्धत चुकीची होती असे मी म्हणणार नाही. पण तिची मापे नीट पाहिली तर ती पद्धत त्या मापांनाच शोभते. तिथे रस आणि व्होडका निम्मे-निम्मे आहेत, रस मुद्दाम दाट घेतला आहे आणि मिठा-मसाल्याचा थर सढळ आहे. अशा मिश्रणाला जोरात हलवून मिळणारे बर्फाचे पाणी हवेच असते, आणि शेवटी गाळल्यामुळे बर्फाचे तुकडेही मागे राहतात. आजच्या प्रचलित मापात रस व्होडकाच्या दुप्पट किंवा त्याहून अधिक असतो आणि पेय बर्फासह हळूहळू प्यायले जाते. तिथे हलवल्याने आलेला फेस वर तरंगत राहतो आणि खालचा रस पातळ पडतो. कोणाला पेटिओ यांच्या मापाने छोटा, कडक पेला हवा असेल तर शेकर जरूर वापरावा. आठ माणसांच्या ब्रंचसाठी मी ओतण्याचीच पद्धत सुचवीन.

सेलरीच्या दांड्याबद्दल कोणी लिहिले नाही. तो केवळ शोभेसाठी नाही. ढवळायला उपयोगी पडतो आणि मध्येच एक चावा घेतला की जीभ ताजी होते. दांडे बर्फाच्या पाण्यात अर्धा तास ठेवले तर कडक राहतात. मात्र वर ऑलिव्ह, लोणची आणि तळलेले पदार्थ यांचा डोंगर रचण्याची जी पद्धत दिसते ती मला पसंत नाही, कारण त्या पदार्थांचे तेल आणि खारे पाणी पेल्यात उतरते आणि निवळी यांनी तोलून दिलेले मीठ वाया जाते.

ओला वाळा यांचा प्रतिसाद

मद्य न घेणाऱ्या तिघांचा प्रश्न मागे राहिला आहे, म्हणून लिहिते. मी स्वतः मद्य घेत नाही, पण हे पेय मला फार आवडते आणि ते बेफिकिरीने करून दिले जाते याचे वाईट वाटते. बहुतेक यजमान त्याच जगमधला रस व्होडका न घालता तसाच पेल्यात ओतून देतात. वर लिहिल्याप्रमाणे जगमधला रस व्होडका आणि बर्फ मिसळल्यावर बरोबर लागेल असा जुळवलेला असतो. व्होडका वगळली की तो खारट, आंबट आणि जड लागतो. म्हणून व्होडकाची जागा तेवढ्याच मापाने दुसऱ्या द्रवाने भरली पाहिजे.

काकडी किसून, पिळून, बारीक कापडातून गाळलेला रस मला यासाठी सर्वांत चांगला वाटतो. ४० मिलिलिटर काकडीचा रस आणि एक छोटा चमचा व्हिनेगर घातले की माप भरते आणि पेय हलकेही होते. अल्कोहोलमुळे तोंडात जो उष्ण चटका बसतो आणि वास वर येतो, तो मात्र काकडीने मिळत नाही. त्यासाठी आल्याचा रस चहाचा पाव चमचा घाला आणि हॉर्सरॅडिश किंवा फेसलेली मोहरी दुसऱ्यांपेक्षा थोडी वाढवा. पेला तसाच, बर्फ तसाच, सेलरीचा दांडाही तसाच असावा. वेगळ्या, साध्या पेल्यात दिलेले पेय पाहुण्याला वेगळे पाडते.

जे मद्य घेणार आहेत त्यांच्यासाठी माप मात्र मोजूनच घालावे, बाटलीतून अंदाजाने ओतू नये. ४५ मिलिलिटर व्होडकात सुमारे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते आणि टोमॅटोच्या दाट चवीखाली ते लपते, त्यामुळे दुप्पट झाले तरी पिणाऱ्याला कळत नाही. रात्रीचे जागरण आणि मद्य यांनी जड झालेले डोके ब्लडी मेरीने उतरते असे अनेकजण सांगतात, पण पुन्हा घेतलेल्या मद्याने तो त्रास काही काळ पुढे ढकलला जातो, एवढेच. तशा पाहुण्याला मी ही काकडीची ब्लडी मेरी आणि साधे पाणी देते. टेबलावर पाण्याचे भांडे असू द्यावे.

हिरवा देठ यांचा प्रतिसाद

सर्वांच्या प्रतिसादांमुळे क्रम मनात पक्का बसला आहे. आदल्या संध्याकाळी रस उकळून गाळेन, गार झाल्यावर मीठ, अळंबीचे पाणी घातलेला घरचा सॉस, टबॅस्को आणि निम्मी मिरी मिसळून जग फ्रिजमध्ये ठेवेन. सकाळी टोमॅटो किसून कच्चा रस, लिंबू आणि मोहरी घालेन, एक छोटा पेला व्होडकासह आणि एक काकडीच्या रसासह करून चाखेन आणि मगच मीठ-आंबट शेवटचे बसवेन. पेल्याच्या कडेला सेलरी सॉल्ट लावण्याचा विचार होता, पण आता वाटते की अर्ध्याच कडेला लावावे, म्हणजे ज्याला नको त्याला दुसऱ्या बाजूने पिता येईल. एकच शेवटची शंका आहे: जगमधला रस उरला तर तो किती दिवस टिकतो आणि गोठवता येतो का?

मंद आच यांचा प्रतिसाद

कच्चा रस आणि लिंबू मिसळलेला रस झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत संपवा. बिघडतो म्हणून नव्हे, तर वास उतरतो आणि दाटपणाही कमी होत जातो म्हणून. नुसता उकळलेला रस झाकलेल्या काचेच्या बरणीत तीन दिवस चांगला राहतो. म्हणून सकाळी सगळा रस एकदम न मिसळता आधी निम्माच जग तयार करा आणि तो संपत आला की दुसरा निम्मा जुळवा. मात्र कच्चा रस, लिंबू आणि मोहरी या तिन्हींची मापेही तितकीच निम्मी करायला विसरू नका.

गोठवताही येतो. उकळलेला, मसाला न घातलेला रस बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून त्याचे खडे करावेत. गोठून वितळल्यावर त्याचा दाटपणा थोडा मोडतो, त्यामुळे पेयाचा मुख्य रस म्हणून तो वापरू नये. पण हेच खडे पेल्यात साध्या बर्फाबरोबर निम्मे-निम्मे घातले तर वितळताना पाण्याऐवजी टोमॅटोचा रस सुटतो, आणि गप्पा मारत सावकाश पिणाऱ्यांचा पेला शेवटपर्यंत पाणचट होत नाही. तीन किलोंऐवजी साडेतीन किलो टोमॅटो घेतले तर एवढे खडे सहज निघतील. ते दोन दिवस आधीच करून ठेवावेत.